शिक्षा संपते केव्हा?
(परिचारिकांची नोंदणी आणि जुना गुन्हा या विषयावरील भाषणाचा मजकूर)



परिचारिकेची लायकी रुग्णाला स्वतः पारखता येत नाही. तो वेदनेत असतो, कधी शुद्धीवरही नसतो. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली मांडले. म्हणून शासनाने नोंदवही ठेवावी आणि नोंदणीवाचून कोणाला शुश्रूषा करू देऊ नये, याविषयी समाजवाद्यांचे दुमत नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्याने कधीकाळी गुन्हा केला आणि त्याची शिक्षा भोगली, त्याला या नोंदवहीत जागा आहे काय?

अशा प्रश्नांत आपले कायदे ‘नैतिक अधःपतन’ या शब्दांचा आधार घेतात; त्यांची व्याख्या मात्र करीत नाहीत. परिणामी, भुकेपोटी चोरी केलेली एकोणीस वर्षांची मुलगी आणि असहाय माणसाला लुबाडणारा सराईत एकाच शिक्क्याखाली येऊ शकतात.

इतरत्र कायदा कालमर्यादा जाणतो. १९६७ च्या पारपत्र कायद्यात अशा शिक्षेची अडचण पाच वर्षांपुरती आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. कायदे करणाऱ्याला जी मुदत मिळते, ती रुग्णाची मलमपट्टी करू पाहणाऱ्या स्त्रीला का मिळू नये?

दिलासा देणाऱ्या तरतुदी आहेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीस शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही, काही अपवाद वगळता, तेच संरक्षण दिले आहे. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तरुण वयातील घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब उमेदवाराने लपवली, तरी मालक ती नजरेआड करू शकतो. पण ‘करू शकतो’ म्हणजे ‘केली पाहिजे’ नव्हे. मोर्चात पकडल्या गेलेल्या कार्यकर्त्यांच्या मुलामुलींना हा फरक चांगला कळतो. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना तर तो अधिकच कळतो. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; संशय रद्द झाला नाही.

रुग्णाच्या सुरक्षिततेचे काय, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. औषधांची चोरी, लैंगिक अत्याचार, दुबळ्यावरील हिंसा यांचा शुश्रूषेशी थेट संबंध आहे. तेथे कठोरच असले पाहिजे. परंतु कठोरपणा आणि सरसकटपणा एक नव्हेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली केलेला कायदा १ जुलै २०२० पासून तेथील परिचारिकांनाही लागू झाला. गुन्ह्याचा व्यवसायाशी ठोस संबंध असला पाहिजे आणि, गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडता, सात वर्षांहून जुनी शिक्षा परवाना नाकारण्याचे कारण होत नाही, असे तो सांगतो.

यात हिशेबाचाही भाग आहे. सामान्य परिचर्येचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवीचा चार वर्षांचा. फी भरून, कर्ज काढून, रात्रपाळ्या करून शिकलेल्या मुलीला शेवटी ‘तुमची नोंद होणार नाही’ असे सांगणे म्हणजे तिच्या कुटुंबाची पुंजी आणि समाजाचे प्रशिक्षित श्रम एकदमच वाया घालविणे होय.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. त्याखालील नियमांत चार गोष्टी स्पष्ट असाव्यात, ही मागणी चळवळीने केली पाहिजे: गुन्ह्याचा कामाशी संबंध पाहावा, कालमर्यादा ठरवावी, नकाराची कारणे लेखी द्यावीत व त्यावर अपील असावे, आणि प्रवेश घेण्यापूर्वीच उमेदवाराला आपली पात्रता विचारून घेता यावी.

शिक्षेचे माप न्यायालयाने ठरविलेले असते. ती भोगून झाल्यावर तिच्यात भर घालण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला नसावा.