पेल्यांतलें जेवण

सकाळच्या गर्दींत बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनच्या जिन्यावरून जो लोंढा उतरतो, त्यांतील पुष्कळांच्या पिशवींत हल्लीं एक नवी वस्तु आढळते. ती म्हणजे घट्ट झांकणाची आणि आंत तारेचा गोळा असलेली प्लास्टिकची बाटली. कचेरींत पोंचल्यावर तींत पाणी किंवा दूध ओतावयाचें, मापाची भुकटी घालावयाची, बाटली खळखळून हालवावयाची आणि उभ्याउभ्या पिऊन टाकावयाचें. कित्येकांची न्याहारी अशी होते. कांहींचें दुपारचें जेवणहि असेंच उरकतें. वजन उतरावें हा त्यामागील हेतु. हेतु चांगला आहे. परंतु प्रोटीन शेक म्हणून ओळखलें जाणारें हें पेय जेवणाची जागा कितपत घेऊं शकतें, याचा विचार शांतपणें करणें अवश्य आहे.

वजनाच्या कांट्यावर सर्व कांहीं दिसत नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावयास हवी. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत दोन संशोधकांचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानें वजन दाखविणारा अंक दोघांचाहि २२.३ असा एकच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ भरली, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२. दिसण्यांत सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगीं चरबी अधिक आणि स्नायु कमी असूं शकतात, हा त्याचा अर्थ. अशा माणसानें केवळ उपाशी राहून वजन उतरविलें, तर चरबीबरोबर त्याचे मूळचेच तुटपुंजे स्नायूहि झडतात. स्नायु टिकवावयाचे तर दोन गोष्टी लागतात : पुरेशीं प्रथिनें आणि अंगमेहनत. बाटलीच्या बाजूनें जें खरें आहे, तें एवढेंच आहे. पण तें खरें आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें हवींत; म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारें ५४ ग्रॅम. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम, पेलाभर दुधांत जवळजवळ तितकींच आणि मूठभर डाळींतहि साधारण तेवढींच प्रथिनें असतात. नोकरदाराच्या डब्यांत मात्र पोळ्या भरपूर, भाजी बेताची आणि वरण पातळ. मग एका मापांत २०-२५ ग्रॅम प्रथिनें देणारी भुकटी मोहांत पाडते, यांत नवल नाहीं.

परंतु प्रथिनांची भुकटी आणि जेवणाच्या बदलीं घ्यावयाचें पेय या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. दुकानाच्या फळीवर त्या शेजारीं शेजारीं बसतात, म्हणून त्यांची गल्लत होते. जेवणाऐवजीं घ्यावयाच्या पेयाचा प्रघात अमेरिकेंत १९५९ सालीं निघालेल्या ‘मेट्रेकल’नें पाडला, चार वेळां मिळून दिवसाचे ९०० उष्मांक, असा त्याचा हिशेब होता. पुढें १९९१ सालीं ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें अशा पदार्थांचें मान ठरवून दिलें. एका जेवणाच्या जागीं येणाऱ्या पदार्थांत २०० ते ४०० उष्मांक असावेत, त्यांपैकीं पाव ते निम्मे प्रथिनांपासून मिळावेत, आणि जीवनसत्त्वें व क्षार हींहि ठराविक प्रमाणांत असावींत. दूध फाडून उरलेल्या पाण्यापासून केलेली साधी प्रथिन-भुकटी मापभर पाण्यांत कालविली, तर सुमारें १२० उष्मांक मिळतात आणि प्रथिनांवांचून फारसें कांहीं मिळत नाहीं. चोथा तर जवळजवळ नसतोच. तिला जेवण म्हणणें म्हणजे नुसत्या विटांना घर म्हणण्यासारखें आहे.

ही गल्लत किती महाग पडते, हें अमेरिकेनें १९७६-७७ सालीं पाहिलें. जनावरांच्या कातड्यापासून व तत्सम भागांपासून काढलेलीं हलक्या दर्जाचीं द्रव प्रथिनें पिऊन, दुसरें कांहीं न खातां वजन उतरविण्याची लाट तेव्हां आली होती. त्या लाटेंत पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांच्या हृदयाची गति बिघडली होती.

याच्या उलट बाजूहि आहे. ब्रिटनमध्यें मधुमेहाच्या ३०६ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या रोग्यांना तीन ते पांच महिने रोज सुमारें ८५० उष्मांकांचें परिपूर्ण पेय देण्यांत आलें. वर्षअखेर त्यांपैकीं शेंकडा ४६ जणांचा मधुमेह औषधावांचून आटोक्यांत आला; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ४ होतें. पण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ४६ चा आंकडा ३६ वर आला. शिवाय हें सर्व वैद्यकीय देखरेखीखालीं चाललें होतें, आणि पेय थांबवितांना नेहमीचें अन्न कित्येक आठवडे घेऊन, पायरीपायरीनें परत आणलें गेलें होतें.

खरी मेख आहे ती येथेंच. मुलुंडच्या एखाद्या चाळिशींतल्या गृहस्थाची कल्पना करावी. दुपारचा डबा बंद करून तो बाटली सुरू करतो. पहिल्या महिन्यांत तीन-चार किलो उतरतात, विजार सैल होते, शेजारी कौतुक करतात. त्या उतारांत कांहीं भाग नुसत्या पाण्याचा असतो, हें त्याला कोणी सांगत नाहीं. चावून खाल्लेल्या अन्नानें जी तृप्ति होते, ती पेयानें होत नाहीं. म्हणून सायंकाळीं घरीं परततांना स्टेशनाबाहेरच्या कढईपाशीं पाय अडखळतात. चौथ्या महिन्यांत बाटलीचा वीट येतो. पत्नी पूर्ववत् पहांटे उठून डबा भरूं लागते. त्यांत त्याच चार पोळ्या आणि तीच बटाट्याची भाजी. वर्षाच्या आंत वजन परत येतें. चरबी लवकर परतते. गेलेले स्नायु मेहनतीवांचून परतत नाहींत. म्हणजे कांटा पूर्वीचाच आंकडा दाखवितो, पण शरीर पूर्वीपेक्षां दुबळें असतें.

म्हणून बाटलीइतकाच विचार डब्याचा व्हावयास हवा. मुंबईंत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याची पद्धति सुरू केली. घरचें अन्न कामाच्या ठिकाणीं नेण्याची संवय या शहरास तेव्हांपासूनची आहे. बदलावयाचें आहे तें फक्त डब्यांतलें प्रमाण. दोन पोळ्या कमी कराव्या आणि त्या जागीं मोड आलेल्या मटकीची किंवा चवळीची दाट उसळ, वाटीभर दहीं, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घालावी. अंडें चालत असेल त्यानें अंडें घ्यावें. मासे खाणाऱ्या अंधेरीकराला वेसाव्याचा कोळीवाडा जवळच आहे. सायंकाळच्या भुकेसाठीं पिशवींत फुटाण्यांची पुडी असली, तर कढईचा मोह निम्म्यानें कमी होतो.

ज्याची सकाळ खरोखरच धांवपळींत उपाशी जाते, त्यानें एका वेळीं पेय घेण्यास हरकत नाहीं. मात्र तें जेवणाच्या मानाचें असावें, आणि सोबत एखादें फळ चावून खावें. डब्यावरील मजकुरावर डोळे झांकून विसंबूं नये. २०२४ सालीं केरळांतील डॉक्टरांनीं भारतांत विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्या तपासल्या, तेव्हां सुमारें शेंकडा सत्तरांवरील प्रथिनांचा आंकडा चुकीचा निघाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें त्याच वर्षीं दिलेल्या आहारविषयक सूचनांत अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं, मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं आणि गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणाऐवजीं पेय सुरू करूं नये. वाढत्या वयाच्या मुलांना तर त्या वाटेस लावूंच नये.

भुकटीचा डबा विकत घेण्यापूर्वीं घरांतील माणसांनीं एकत्र बसून दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्या : बाटली कोणत्या महिन्यांत बंद करावयाची, आणि त्या दिवशीं जेवणाच्या डब्यांत काय काय भरावयाचें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या घरीं तयार असेल, त्या घरीं उतरलेलें वजन टिकण्याची आशा आहे. आणि कित्येकांना तर असें आढळून येईल कीं, तो डबा आजपासूनच भरतां येतो.