हातातून हातात



दिवसभराचं ऊन सोसून तुम्ही संध्याकाळी व्याख्यानाला आलात, याचं मला अप्रूप आहे. तुमच्या पातूर गावाच्या डोंगरात लेणी आहेत. ती कोरणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांना छिन्नी धरायला कुणीतरी शिकवलं असणार, हे दगडाकडे पाहताच कळतं. शल्यविद्येचंही तसंच आहे. सर्जन जन्माला येत नाही, तो घडवावा लागतो. तो कसा घडतो, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात पुण्यापासून करतो. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या, म्हणजे कुंभाराच्या घरातल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. त्यानं मेणाची पातळ चकती घेऊन नाकाचा साचा केला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमधली एक पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे कातडीचा रक्तपुरवठा चालू राहिला. कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवली, वर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या चिकटवल्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापली.

मेण, काथ, तूप. आपल्या घरातल्याच वस्तू. पण रक्त चालू राहील एवढी पट्टी ठेवायची, हे कळायला पिढ्यांचा हात लागतो.

मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिकत चित्रासह छापून आली. जोसेफ कार्प्यू या सर्जननं मृतदेहांवर सराव केला आणि १८१४मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी त्यावर ग्रंथ लिहिला. आज जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत कावसजीचं नाव आहे, कार्प्यूचं आहे. ज्याच्या हातानं ते नाक बसलं, त्याचं नाव मात्र नाही. त्याचं कसब घरात बापाकडून लेकाकडे जात असावं. ते लिहून ठेवणारं, परक्याच्या मुलालाही शिकवणारं ठिकाण त्याच्याजवळ नव्हतं. मला याची खंत वाटते.

असं ठिकाण म्हणजेच शिकवणारं रुग्णालय. १८२६मध्ये मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली. सहा वर्षांत ती बंद पडली. १८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे. १९२६मध्ये शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय सुरू झालं. तिथे अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. त्याच के. ई. एम.मध्ये फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाचं हृदय बदललं. डॉ. बार्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. पण त्या शस्त्रक्रियेमागे प्रयोगशाळेतली कित्येक वर्षांची मेहनत होती, आणि बाजूला उभं राहून शिकलेले विद्यार्थी होते. रुग्ण गेला तरी विद्या राहिली, कारण ती एका माणसाजवळ नव्हती.

आपल्याकडे, विदर्भात, अशी रुग्णालयं उशिरा आली. नागपूरचं मेडिकल १९४७चं. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय मेडिकल कॉलेजला जोडलं गेलं ते २००२मध्ये. तोवर पातूरच्या माणसाला अवघड दुखण्यासाठी दूर जावं लागे. आता २०२४मध्ये वाशीम, अमरावती आणि बुलढाण्यालाही कॉलेजं निघाली. म्हणजे तुमच्या या अकोला-वाशीम रस्त्याच्या दोन्ही टोकांना डॉक्टर घडत आहेत.

यावर एक तक्रार मी नेहमी ऐकतो: “तिथं पोरं आपल्यावर हात साफ करतात.” ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपलं शरीर आपलं आहे. विचारल्याशिवाय त्यावर कुणी शिकू नये. पण शिकणं कसं चालतं, तेही ऐका. निवासी डॉक्टर असताना मी रात्री खाटेच्या पायाला दोरा बांधून गाठी मारत असे. शेकडो. कित्येक महिने मी फक्त रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून ठेवणारं हत्यार, धरून उभा राहिलो. पहिल्यांदा सुरी हाती आली, तेव्हा सरांचा हात माझ्या मनगटावर होता. माझा हात भरकटला असता, तर तो त्यांनीच थांबवला असता.

एकदा राउंडला एका म्हातारीला मी पोटाचं दुखणं विचारलं. ती म्हणाली, “किती खेपा सांगू, बापू? मंगाच्या पोरालेही सांगतलं, आता तुलेही सांगून राह्यली.” पण तिनं सांगितलं. आणि तिसऱ्या खेपेला जे सांगितलं, ते आधी दोघांनीही नीट विचारलं नव्हतं. निदान त्यानंच लागलं. त्या दिवशीची माझी शिक्षिका तीच होती.

म्हणून एक मागणं मागतो. सर्वोपचारच्या खाटेवर असताना कुणी शिकाऊ पोरगा पुन्हा तेच विचारू लागला, तर त्याला जरूर विचारा, “तुमचे सर कोण? ते पाहणार ना?” हा तुमचा हक्क आहे. उत्तर मिळालं की मग त्याला सगळं सांगा. उद्या तो जिथे जाईल, तिथल्या रुग्णाला तुमचा उपयोग होईल. पुण्याच्या त्या कुंभाराला असा परका शिष्य मिळाला असता, तर आज मी त्याचं नाव घेऊन बोललो असतो.