अधिकारांची वाटणी, उद्योगाचे आयुष्य



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद आणि सीमेपलीकडच्या उदगीर-निलंग्याहून आलेल्या आपणा सर्व उद्योजकांचे स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेसाठी बिदर नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. कारभार कोणी आणि किती अधिकाराने पाहावा, याचा विचार या शहराने फार पूर्वी केला आहे. येथे १४७२ साली मदरसा उभारणारा महमूद गवान इराणातून व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. राज्याचे गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), बिदर, दौलताबाद व वऱ्हाड असे चार तरफ, म्हणजे प्रांत, होते आणि एकेका तरफदाराच्या हाती अनेक किल्ले असत. गवानने चारांचे आठ तरफ केले, तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि जमिनीची मोजणी हाती घेतली. सगळी सत्ता एका हाती गेली की हिशेब विचारणारा उरत नाही, हे त्याने ओळखले होते. कोणी म्हणेल, याच सुधारणांनी दुखावलेल्या सरदारांनी कट केला, १४८१ मध्ये गवानला मृत्युदंड झाला आणि पुढे राज्याची पाच शकले झाली. खरे आहे. पण त्यामुळे अधिकारांची वाटणी चुकीची ठरत नाही. ज्यांचे अधिकार कमी होतात त्यांना विश्वासात घ्यावे लागते आणि नवी घडी एका माणसाच्या हयातीवर अवलंबून ठेवता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आपल्या उद्योगांपुढेही हाच प्रश्न आहे. कलबुर्गीच्या डाळमिलांपासून बिदरी कारागिरीपर्यंत आपले पुष्कळ उद्योग घरचे आहेत. खरेदी, उधारी, मजुरी, बँक, सारे एकट्या कर्त्याकडे. तुरीचा भाव रोज बदलतो, मग संचालक मंडळाच्या बैठकीची वाट कोण पाहणार, हा आक्षेप रास्त आहे. मात्र घाई खरेदीला असते. कर्ज काढायला, भागीदार घ्यायला किंवा वारस ठरवायला नसते. म्हणून ठरावीक रकमेपर्यंतच्या खरेदीचा अधिकार व्यवस्थापकाला लेखी द्यावा आणि मोठे निर्णय सर्वांनी बसून घ्यावेत. अशा वाटणीचे एक उदाहरण पाहा. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांना एकत्र आणले विठ्ठलराव विखे पाटलांनी. पहिले अध्यक्ष मात्र अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ झाले. त्यामुळे विखे पाटलांचे मोठेपण कमी झाले नाही, कारखाना मात्र भक्कम झाला.

माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे: आपल्या उद्योगात कोणता अधिकार कोणाचा, हे या परिषदेनंतर कागदावर उतरवा आणि तो कागद मुलामुलींना व कामगारांना वाचून दाखवा.