डोळ्याला लागलं तर: पहिल्या दिवसाचा कागद

(प्रभागसंघाच्या २०२४ च्या वार्षिक सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेले भाषण. बोलल्या तसेच ठेवले आहे.)

जमाखर्चाचं वाचन झालंय, जेवणाला अजून वेळ आहे, म्हणून अध्यक्षताईंनी मला उभं केलंय. विषय मीच मागून घेतला.

ज्या बाया मला ओळखतात त्यांना माहीत आहे की मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. नवीन ताया बैठकीत माझ्याकडे बघतात आणि लगेच नजर फिरवतात. फिरवू नका. आज तेच सांगायला आले आहे.

२०१९ चा जानेवारी. आमच्या शेतात तुरीची मळणी चालू होती. मी पेंढ्या देत होते. यंत्रातून काहीतरी उडालं आणि डोळ्यात बसलं. चोळलं, पदराचा बोळा करून फुंकर मारून शेकलं. सासूबाईंनी रात्री एरंडेल सोडलं. दुसऱ्या दिवशी आमचे हे मेडिकलमधून थेंब घेऊन आले. थेंब टाकले की तासभर बरं वाटायचं, म्हणून टाकत राहिले. नवव्या दिवशी डोळ्यासमोर पांढरं दिसायला लागलं तेव्हा जिल्ह्याला नेलं. तोवर बुबुळावर फूल पडलं होतं.

तिथं डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, आठ-नऊ दिवस झाले, डोळा लाल आहे. एवढंच. मळणी यंत्र होतं दिरांचं. घरातून सांगून ठेवलं होतं, यंत्राचं नाव काढू नको, उगाच पोलीस यायचे. मीही काढलं नाही. केस पेपरवर लिहिलं गेलं, "डोळा लाल, आठ दिवसांपासून." लागलं म्हणून नाही, मार बसला म्हणून नाही.

पाच महिन्यांनी आमच्या बँक सखीनं पासबुक बघितलं आणि म्हणाली, ताई, तुमचे सुरक्षा विम्याचे १२ रुपये कापलेत की. तेव्हा हप्ता १२ रुपये होता. अर्ज केला. त्यांनी पंचनामा मागितला, आमच्याकडे नव्हता. केस पेपर मागितला, त्याच्यात अपघातच नव्हता. अर्ज परत आला. एक लाख रुपये, ताई. त्या वर्षी आम्ही थोरलीच्या बारावीसाठी गटातून २० हजार कर्ज काढलं होतं, आणि ते फेडायला मला दीड वर्ष लागलं.

बँकेची चूक होती असं मी म्हणत नाही. कागदावर जे होतं तेच त्यांनी वाचलं.

आता दुसरी गोष्ट. शेजारच्या गावातल्या एका गटातल्या वहिनी. मागच्या ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढताना खडा उडून डोळ्याला लागला. त्यांच्या गटाची अध्यक्ष तिथंच कामाला होती. तिनं डोळा चोळू दिला नाही, तेल टाकू दिलं नाही, तासाभरात ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, मळणी यंत्रातून खडा उडून लागलाय, आज साडेदहा वाजता, अमक्याच्या शेतात, असं लिहा." लिहून घेतलं आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळी पोलीस पाटलांना सांगून त्यांचा अहवाल घेतला, पोलीस ठाण्यात जाऊन जागेचा पंचनामा करून घेतला. आठव्या दिवशी बँकेत अर्ज देऊन पोच घेतली. डोळा वाचला नाही, पण यंदाच्या उन्हाळ्यात एक लाख रुपये त्यांच्या खात्यावर आले. त्यांचा नि माझा डोळा सारखाच गेला. फरक पहिल्या दिवसाच्या कागदाचा.

आता हे पैसे कुठून मिळतात ते बघू.

पहिला, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. २०२२ च्या जूनपासून वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०, बँकेत खातं पाहिजे, बस. जमीन असो नसो. मजूर बाईलाही चालतो. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण आणि कायमची गेली तर एक लाख, दोन्ही डोळ्यांची गेली तर दोन लाख. "पूर्ण आणि कायमची" हे शब्द नीट ऐका. अंधुक झालं, चष्मा लागला, याला हा विमा पैसे देत नाही. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापतात, आणि नेमकं तेव्हाच आपलं खातं रिकामं असतं! पेरणीच्या तोंडावर कुणाच्या खात्यात पैसे राहतात? शिल्लक नाही म्हणून हप्ता गेला नाही, की विमा बंद. कुणी फोन करून सांगत नाही. अपघात झाला तर तीस दिवसांच्या आत बँकेत दाव्याचा अर्ज द्यायचा.

इथं बऱ्याच जणी अडतात. म्हणतात, अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही तर अर्ज कसा देऊ? डोळ्याचा उपचार दोन-चार महिने चालतो. तो संपून डोळा किती राहिला हे कळल्याशिवाय डॉक्टर प्रमाणपत्र देत नाहीत, ते बरोबरच आहे. तुम्ही प्रमाणपत्रासाठी थांबू नका. तीस दिवसांत अर्ज द्या, प्रमाणपत्र नंतर जोडते असं त्यावर लिहा, आणि शिक्का मारलेली पोच घ्या.

दुसरी, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. नाव लांब आहे, पण कृषी सहायकाला "मुंडे योजना" म्हटलं की कळतं. एप्रिल २०२३ पासून ही सरकार स्वतः चालवतं, मध्ये विमा कंपनी नाही आणि आपल्याला हप्ताही नाही. एक डोळा गेला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला लाभ, आणि त्याच्या घरातल्या एका जणाला: आई, वडील, नवरा, बायको, मुलगा किंवा लग्न न झालेली मुलगी. म्हणजे सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी डोळा तुमचा गेला तर अर्ज करता येतो. "जमीन माझ्या नावावर नाही" म्हणून घरी बसू नका. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, इथंही तीस दिवसांच्या आत. सातबारा, वयाचा दाखला आणि एफआयआर, जागेचा पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल यातलं काहीतरी लागतं. पोलीस पाटील आपल्या गावातच असतात, तेवढं तरी आपल्या हातात आहे.

आता मजुरी करणाऱ्या बाया. ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते.

जिनिंगमध्ये, गुऱ्हाळावर, खडी क्रशरवर, इंजिनावर नाहीतर विजेवर चालणाऱ्या शेतीच्या यंत्रावर मजुरी करताना डोळ्याला लागलं तर भरपाईचा कायदा आहे. त्यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही. काम करताना लागलं, एवढं पुरे. डोळ्याचा हिशोबही लिहिलेला आहे. एका डोळ्याची दृष्टी गेली, दुसरा चांगला आहे, तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात. डोळाच काढावा लागला तर ४० टक्के. एका डोळ्याचं थोडंसं दिसणं कमी झालं तरी १० टक्के. आणि डोळ्यानं करायचं कुठलंच काम होणार नाही इतकी दृष्टी गेली तर १०० टक्के.

रक्कम कशी काढतात ते एकदा फळ्यावर मांडू. बाई ४० वर्षांची, महिन्याची मजुरी ८,००० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ४,८००. वयाप्रमाणे एक आकडा कायद्यात दिलाय, चाळिशीला तो १८४.१७. गुणाकार केला की ८ लाख ८४ हजार १६. दृष्टी गेली म्हणून त्याचे ३० टक्के, म्हणजे साधारण २ लाख ६५ हजार. वय कमी असेल तर रक्कम वाढते, कारण पुढं कामाची वर्षं जास्त असतात.

आता सांगा, मालक काय देतो? आमच्या एका ग्रामसंघातल्या बाईला जिनिंगमध्ये पट्ट्याचा तुकडा लागला. तिच्या हातात पाच हजार ठेवले आणि शंभराच्या स्टॅम्पवर अंगठा घेतला, "माझी काही तक्रार नाही." तिला वाटलं, संपलं आता. घरचेही म्हणाले, अंगठा दिलास ना, गप बस. मी विधी सेवा समितीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दच असतो. आणि बाईची एकरकमी भरपाई मालकानं परस्पर तिच्या हातात देऊन चालतच नाही, ती भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. हे ऐकून मीच खुर्चीवरून उठले! तो दावा आता दाखल झालाय, तारखा चालू आहेत. हजेरी पुस्तकात तिचं नाव नाही असं मालक म्हणतो. पण तिच्यासोबतच्या दोघीजणी साक्ष द्यायला तयार आहेत, आणि मजुरीचे पैसे फोनवर आलेले मेसेज तिनं पुसले नव्हते. तुम्हीही पुसू नका. ठेकेदारानं नेलं असेल तरी ज्याचं काम त्याच्यावर जबाबदारी येते, ठेकेदार पळाला म्हणून दावा बुडत नाही. मुदत अपघातापासून दोन वर्षं. वकिलाचं म्हणाल तर विधी सेवा कायद्याखाली बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा.

रोजगार हमीच्या कामावर लागलं तर औषधपाणी फुकट, तेही मागा. त्याच दिवशी मस्टरवर हजेरी आहे ना, बघून घ्या.

टक्केवारीचा गोंधळ सांगते, कारण यात मी स्वतः रडले आहे. एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला, तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ३० टक्के येतात. ४० च्या खाली. म्हणून संजय गांधी निराधारसारख्या ठिकाणी आपला अर्ज बसत नाही. बाया ते प्रमाणपत्र पेटीत ठेवून देतात, "नापास झाले" म्हणतात. पण सुरक्षा विमा आणि मुंडे योजना ४० टक्के मागत नाहीत. त्यांना एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली एवढंच कागदावर पाहिजे. प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयातून काढायचं, त्यात कोणता डोळा आणि दृष्टी किती राहिली हे लिहिलंय का ते तिथंच उभं राहून वाचून घ्या.

आणखी एक. हे बोलताना मला जड जातंय. सगळे डोळे खड्यानं जात नाहीत. "दारावर आपटले", "म्हशीनं शिंग मारलं" असं केस पेपरवर लिहून आणणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत, आणि म्हैस घरात नव्हतीच. डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसात आज जायचं की नाही ते नंतर ठरवा, पण खरं कारण कागदावर राहू द्या. नंतर तुम्ही ठरवलं तर तोच कागद उभा राहतो. मार बसलेल्या बाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरपाईची वाट आहे. ॲसिड टाकलं असेल तर कुठल्याही दवाखान्याला, खाजगी असला तरी, ताबडतोब फुकट उपचार करावे लागतात, आणि मनोधैर्य योजना आहे. एकटीनं जाऊ नका, मला फोन करा, मी येते.

पैसे कितीही मिळोत, डोळा परत येत नाही. म्हणून थोडं औषधाचं. कचरा गेला तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, जिभेनं काढू नका, तेल-मध-दूध काही नको. फवारणीचं औषध किंवा चुना गेला तर वीस मिनिटं तरी पाण्याची धार सोडायची आणि मग दवाखाना. (तंबाखूच्या चुन्याच्या ट्यूबा लेकरांच्या हातात देऊ नका, दाबली की थेट डोळ्यात जाते.) काही रुतून बसलं असेल तर ओढू नका. पान, कुसळ, तूस लागलं असेल तर मेडिकलमधले थेंब आपल्या मनानं टाकू नका. काही थेंबांत स्टेरॉईड असतं. लाली जाते, बरं वाटतं, आणि आत बुरशी वाढत राहते. माझं तेच झालं.

आता काम. आज पिशवीत पासबुक आणलंय त्यांनी बाहेर काढा. मे-जूनच्या पानावर २० रुपये कापलेत का ते शोधा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी बँक सखीसमोर रांग लावा, ती तिथं पडवीत बसली आहे. ज्यांचे कापले नाहीत त्यांची नावं मी वहीत घेते, सोमवारी एकत्रच बँकेत जाऊ. चला, उठा, जेवणाच्या आधी होईल.