परसबागेसाठी भाजीपाल्याच्या वाणांची निवड

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस पडला की गावोगाव परसबागेच्या कार्यक्रमाला उत्साहाने आरंभ होतो. बियाण्यांची पाकिटे वाटली जातात, शाळेच्या आवारात वाफे तयार होतात, न्हाणीचे पाणी केळी-अळवाच्या पुढे वळविले जाते. दीड-दोन महिन्यांनी मात्र पुष्कळ ठिकाणी चित्र पालटते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फ्लॉवरला गड्डा धरत नाही, कांद्याची नुसती पात वाढते. “आमच्या जागेत काही येतच नाही,” असे म्हणून गृहिणी कुदळ कोपऱ्यात ठेवते. वास्तविक दोष जागेचा नसतो आणि कष्टाचाही नसतो. वाण चुकलेला असतो. एकदा हात पोळलेले कुटुंब पुन्हा सहसा परसबागेकडे वळत नाही, हेच यातील खरे नुकसान होय.

बाजाराची गरज आणि घराची गरज

बाजारासाठी भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सर्व फळे एकाच वेळी तयार होणारा, दूरच्या वाहतुकीत टिकणारा आणि दिसायला एकसारखा वाण हवा असतो. घराची गरज याहून निराळी आहे. घराला रोज थोडी भाजी आणि तीही बरेच दिवस मिळाली पाहिजे. टोमॅटोचे उदाहरण घ्यावे. काही वाणांची झाडे बुटकी राहतात व त्यांची बहुतेक फळे थोड्याच दिवसांत उतरतात. काही वाण सतत वाढत राहतात व आधार दिल्यास दीर्घकाळ फळे देतात. परसबागेस हे दुसऱ्या प्रकारचे वाण अधिक सोयीचे ठरतात.

चवीचा विचारही दुय्यम मानू नये. खानदेशात भरितासाठी वेगळे वांगे लागते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पुण्याकडे मांजरी गोटा आवडीने खाल्ला जातो. घरात जे आवडीने खाल्ले जात नाही, ते कितीही पिकले तरी ताटात येत नाही.

हंगाम हाच पहिला निकष

पाकिटावर केवळ पिकाचे नाव पाहून बियाणे घेण्याची सवय सोडली पाहिजे. एकाच पिकाचे निरनिराळे वाण निरनिराळ्या हंगामांसाठी तयार झालेले असतात. खरीप कांद्यासाठी बसवंत ७८० व एन-५३ हे वाण आहेत, तर रब्बीसाठी व साठवणीसाठी एन-२-४-१ हा वाण प्रसिद्ध आहे. रब्बीचा वाण पावसाळ्यात लावला तर चांगला कांदा पोसत नाही.

फ्लॉवर तर तापमानाच्या बाबतीत फारच काटेकोर. पुसा दीपालीसारखा लवकर येणारा वाण उशिरा, थंडीत लावला तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरून बसते. उलट स्नोबॉलसारखा उशिरा येणारा वाण लवकर लावला तर पानेच वाढत राहतात. मुळ्याचेही तसेच आहे. पुसा चेतकी हा वाण उष्णता सहन करतो, जपानी पांढरा मुळा हिवाळ्यात चांगला येतो.

घेवडा-वालाच्या जुन्या वेलींना दिवस लहान झाल्यावरच फुले येतात. दापोली येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला कोकण भूषण हा वाल बुटका असून दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाही. ज्या घरी मांडवाला जागा नाही, त्या घरी अशा वाणाचा मोठा उपयोग होतो.

रोगप्रतिकारक वाण

भेंडीवरील पिवळ्या शिरांचा रोग विषाणूमुळे होतो व पांढरी माशी त्याचा प्रसार करते. एकदा रोग जडला की औषध मारून झाड सुधारत नाही, म्हणून वाणाची निवड हाच मुख्य उपाय ठरतो. पुसा सावनी हा दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा वाण एके काळी या रोगापुढे टिकत असे. कालांतराने तो रोगास बळी पडू लागला. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी संकर करून परभणी क्रांती हा वाण दिला. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेचा अर्का अनामिका हाही याच हेतूने निर्माण झालेला वाण आहे. यातून घ्यावयाचा बोध असा की, वाणाची प्रतिकारशक्ती कायमची नसते. दहा वर्षांपूर्वीची यादी पाहून बियाणे मागवू नये. आपल्या भागात सध्या कोणता वाण टिकतो, याची चौकशी कृषी विज्ञान केंद्राकडे करून मगच मागणी नोंदवावी.

संकरित की सरळ?

संकरित बियाणे जोमदार असते व उत्पन्न अधिक देते, हे खरे आहे. परंतु त्याच्या फळातील बी पुढील वर्षी पेरले तर पिकात एकसारखेपणा राहत नाही, गुण विखुरतात. म्हणजे दरवर्षी नवे पाकीट विकत घेणे आले. ज्या कुटुंबाला हे परवडत नाही, त्याने सुधारित सरळ वाण किंवा गावातील पारखलेला देशी वाण निवडावा.

सरळ वाणांतही काहींचे बी सपाटीवर तयार होत नाही. नान्तीस गाजर किंवा स्नोबॉल फ्लॉवर यांना बी धरण्यासाठी डोंगराळ भागातील दीर्घ थंडी लागते. ते बियाणे विकतच घ्यावे लागते. भेंडी, गवार, चवळी, वाल, वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी मात्र घरी सहज धरता येते.

बियाणे घेताना व धरताना

पाकिटावरील वाणाचे नाव, उगवणशक्ती, चाचणीची तारीख व वापरण्याची मुदत वाचून घ्यावी. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळ्या रंगाची असते. टोमॅटो व वांग्याच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के, भेंडीस ६५ टक्के आणि मिरचीस ६० टक्के उगवण आवश्यक असते. शंका असल्यास शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात व किती उगवल्या ते मोजावे. शाळेतील मुलांसाठी हा उत्तम प्रयोग आहे. मात्र रंग लावलेले बियाणे विषारी औषधाने प्रक्रिया केलेले असते, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये.

टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया असतात आणि कुटुंबाला दहा-पंधरा झाडे पुरतात. म्हणून घरटी पाकीट वाटण्यापेक्षा शाळेच्या किंवा बचत गटाच्या रोपवाटिकेत रोपे तयार करून ती वाटणे अधिक काटकसरीचे होय.

बी धरताना एक चूक सर्रास होते. चांगली फळे खाल्ली जातात आणि शेवटी वेलीवर राहिलेले वेडेवाकडे फळ बियाण्यासाठी ठेवले जाते. त्याऐवजी हंगामाच्या मध्यावर सर्वांत निरोगी झाडाला रंगीत दोरा बांधून त्याची फळे राखावीत. भेंडीची शेंग झाडावरच वाळू द्यावी, वांगे पिवळे पडेपर्यंत ठेवावे. बी सावलीत सुकवून, कोरड्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे व बाटलीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. दुधी, काकडी यांसारख्या वेलींत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होते. म्हणून बियाण्यासाठी वेल राखताना जवळपास त्याच पिकाचा दुसरा वाण नसावा. चवीला कडू लागणारा दुधी खाऊ नये व त्याचे बीही धरू नये.

गावाची जबाबदारी

एका घरातील बी कधी उंदीर खातो, तर कधी ते ओल लागून जाते. तेच बी पाच घरी असले तर वाण वाचतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी हेच तत्त्व आचरणात आणून देशी वाणांची बीजबँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यानेही बी राखण्याचा, पेरण्याचा व परस्परांत देवाणघेवाण करण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

ग्रामपंचायतीने अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बियाणे-देवाणघेवाणीचा एक दिवस ठरवावा. शिक्षकांनी कोणत्या घरी कोणता वाण आहे व तो कसा आला, याची नोंदवही मुलांकडून लिहून घ्यावी. अधिकाऱ्यांनी पाकिटे मागविण्यापूर्वी ती नोंदवही चाळावी. किती पाकिटे वाटली, यावरून परसबागेचे यश मोजले जाऊ नये. दुसऱ्या वर्षी किती घरांनी आपल्याच बाटलीतले बी पेरले, हे पाहिले जावे.