प्राणवायू आणि परिचराचे कर्तव्य
(वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुऊन खाटेवर निजवले. नंतर त्यांनी संघाला चांगल्या परिचराचे गुणही सांगितले. त्यात रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे आणि घाणीची किळस न बाळगणे हे येते. म्हणजे नुसती करुणा पुरत नाही, तिला ज्ञानाची जोड लागते.

आज आपली कितीतरी मुले-मुली दवाखान्यांत परिचर, कक्षसेवक, मावशी म्हणून राबतात. बरीच कंत्राटी आहेत. डॉक्टर फेरी करून जातात आणि सिस्टरला अनेक खाटा सांभाळायच्या असतात. रुग्णाच्या उशाशी अधिक वेळ असते ती मावशी. म्हणून प्राणवायूवरील रुग्णाचा विषय आम्ही आज घेतला आहे.

२०२१ च्या एप्रिलअखेर आपल्या परभणीच्या जिल्हा रुग्णालयात रात्री झाडाची फांदी पडून प्राणवायूची वाहिनी फुटली. कर्मचाऱ्यांनी तातडीने १४ रुग्णांना सिलिंडरवर घेतले आणि त्यांचे प्राण वाचले. त्याच महिन्यात २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून दाब घटला व वीसहून अधिक रुग्ण दगावले. तेथे मुख्य टाकीलाच गळती होती. तेव्हा तुलना करून कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण भरलेले सिलिंडर आणि ते जोडणारी जाणती माणसे जागेवर असण्याचे मोल यावरून कळते.

पहिली गोष्ट अशी की, प्राणवायू हे औषध आहे. किती लिटर द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. आम्ही बँकेत सहीशिवाय चेकचे पैसे देत नाही. तसेच सांगितल्याशिवाय परिचराने प्रवाह कमी-जास्त करू नये, मग नातेवाइकांनी कितीही आग्रह धरो. बहुतेक रुग्णांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ ते ९८ टक्के ठेवतात. परंतु ज्या आयाबायांचे आयुष्य चुलीच्या धुरात गेले, ज्यांनी वर्षानुवर्षे विडी ओढली, त्यांना फुप्फुसाचा जुना विकार असेल तर ८८ ते ९२ पुरते. अशांना जादा प्राणवायू दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो. रुग्ण सुस्तावतो, डोके दुखते, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, आता शांत झोप लागली. ती झोप नसून धोक्याची खूण असू शकते. लगेच सिस्टरला सांगावे.

दुसरी गोष्ट नजरेची. नळी खाटेच्या चाकाखाली दबली आहे का? पिळली आहे का? मास्कला पिशवी असेल तर ती फुगलेली आहे का? कानामागे, नाकाशी कातडी सोलली आहे का? पाण्याच्या बाटलीत नळाचे पाणी तर भरले नाही ना? रुग्णाला डोक्याकडून उंच बसवावे. जेवताना मास्क काढायचा असेल तर सिस्टरला विचारूनच. बोटावरच्या यंत्राला मेंदी, नेलपॉलिश आणि गार बोटे चकवतात. काळ्या त्वचेवर ते कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून यंत्राबरोबर माणसाकडेही पाहावे. ओठ निळसर, श्वास भरभर, वाक्य पुरे होत नाही, असे दिसले की हाक मारावी आणि रुग्णाला एकटे सोडू नये.

तिसरी गोष्ट आगीची. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेले भडकवतो. जवळ विडी, काडेपेटी, उदबत्ती, मेणबत्ती, शेगडी नको. वंदनेची मेणबत्तीसुद्धा दुसऱ्या खोलीत लावावी. खोबरेल लागलेल्या हातांनी सिलिंडरच्या झडपेला शिवू नये. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन किंवा बाम चोळू नये, पाण्यात मिसळणारे मलम सिस्टरकडून घ्यावे. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले आणि आपल्या परभणीच्या उन्हापासून दूर असावे. झडप हळू उघडावी.

चौथी गोष्ट हिशोबाची. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर लागले तर ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांच्या आसपास. लहान, सुमारे १,५०० लिटरचे सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने पाच तासच पुरते. हे भरलेल्या सिलिंडरचे गणित झाले. काटा खाली आला असेल तर वेळही त्याच प्रमाणात कमी. रात्रपाळी लागताच हा हिशोब मांडावा व काटा उतरण्याआधी सांगावे. घरी कॉन्सन्ट्रेटर असेल तर वीज जाणार हे धरून जोडीला सिलिंडर ठेवावे.

आता शेवटचे आणि आमच्या मते सर्वात कठीण. हे सारे कळूनही पुष्कळदा मावशी गप्प राहते. "तू कोण सांगणारी?" असे कोणी म्हणेल, कंत्राट जाईल, अशी भीती असते. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवले गेले, त्याचा हा उरलेला अंश आहे. पण खाटेवरच्या माणसाचा श्वास अडला असताना आपले मौन त्याला महागात पडते. जे दिसले ते, वेळ सांगून, नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. ऐकले नाही तर पुन्हा सांगावे, वरिष्ठांना सांगावे. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान वॉर्डातही सोबत न्यायचा असतो.

संस्थेला आमची विनंती आहे की, अनुभवी परिचारिकांना बोलावून विहारात वर्षातून एक दिवस हे शिक्षण प्रत्यक्ष द्यावे. विद्यार्थ्यांनी ते घ्यावे आणि घरोघरी पोहोचवावे. रुग्णाची सेवा हीच धम्माची सेवा, ही तथागतांची शिकवण त्यातून आचरणात येईल.

नमो बुद्धाय. जयभीम.