नागीण, उतारा आणि औषध



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. तरीही तोंडावर व चेहऱ्यावर उठणाऱ्या विषाणूजन्य रोगांविषयी आज बोलतो आहे. कारण अज्ञानाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामूंच्या कपाळाची उजवी बाजू आग करू लागली. तिसऱ्या दिवशी पाणीभरल्या फोडांची रांग उठली. नागीण आहे, हे सर्वांनी ओळखले. पण पुढे? कोणी गेरू लावला, कोणी उतारा केला. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस संपतो, ह्या भीतीने घरात रडारड झाली. दवाखाना मात्र आठव्या दिवशी आठवला. तोवर बुबुळावर व्रण पडला होता. आज त्या डोळ्याने अंधुक दिसते.

मित्रांनो, नागीण हा साप नव्हे, शापही नव्हे. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढले वा शक्ती खालावली की त्याच तंतूच्या वाटेने तो बाहेर पडतो. म्हणून फोड बहुधा एकाच बाजूस उठतात. तोंड-शेपूट जुळण्याची गोष्ट निव्वळ कल्पना आहे. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ॲसायक्लोव्हिर हे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक गुण येतो. ह्या औषधामागील संशोधिका गर्ट्रूड एलियन ह्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पीएच.डी. पूर्ण केलेली नव्हती, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

आता इतर रोग. तापात ओठाच्या कडेला उठणारा फोडांचा झुबका निराळ्या विषाणूचा. तो बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. फोड फोडू नयेत, हात धुवावेत आणि तान्ह्या बाळाचा मुका मुळीच घेऊ नये. गालगुंडात कानाखाली सूज येते, चावताना दुखते. विश्रांती व पातळ अन्न द्यावे. तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा वृषणाला सूज आल्यास दवाखाना गाठावा. आपले गाव मिरचीचे. पण तोंड आलेल्या मुलाला तिखट नको, घोटघोट पाणी द्यावे.

गोवरात ताप, खोकला, लाल डोळे व गालाच्या आत पांढरे कण दिसतात. मग कानामागून पुरळ उठते. २०२२ साली मुंबईच्या गोवंडीत ह्याच रोगाने बालके दगावली. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते : पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. अफवेपायी ती चुकवू नका.

दुआ जरूर करावी. पण दवेला उशीर करू नये. मामूंच्या बाबतीत आम्ही पाच दिवस उशीर केला. तुम्ही करू नका, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.